भाजीची रोपे बाहेर लावताना: वेळ, खोली, पाणी आणि पहिले दहा दिवस

ट्रेमधून किंवा गादीवाफ्यातून काढलेल्या रोपाची पाने लगेच पूर्वीइतकेच पाणी हवेत सोडू लागतात. ते पाणी जमिनीतून ओढणारी केसासारखी मुळे मात्र काढताना आणि हाताळताना तुटलेली असतात. नवी मुळे फुटायला साधारण चार-पाच दिवस जातात. तेवढ्या काळात पाण्याचा जमाखर्च जुळला तर रोप लागते, नाही तर मान टाकते. रोपे आधी कणखर करणे, उन्हे उतरल्यावर लावणे, पहिले दिवस सावली धरणे, हे सगळे या एकाच हिशोबासाठी असते.

सगळ्याच भाज्या रोपे करून लावण्यासारख्या नसतात. गाजर आणि मुळा थेट जागेवर पेरावेत, कारण सोटमूळ एकदा दुखावले की त्याला फाटे फुटतात. वाटाणा, घेवडा, भेंडी, मेथी, कोथिंबीर यांचेही तेच. काकडी, दोडका, दुधी, भोपळा या वेलींची रोपे चालतात, पण त्यांना मुळाला धक्का लागलेला अजिबात खपत नाही. म्हणून ती स्वतंत्र कपात वाढवायची आणि कोवळी असतानाच लावायची. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर, कांदा आणि लेट्यूस यांना स्थलांतर चांगले सोसते.

रोप केव्हा तयार झाले म्हणायचे

ट्रेमधले टोमॅटो, कोबी आणि फ्लॉवर 25 ते 30 दिवसांत, वांगी 30 ते 35 दिवसांत, मिरची आणि ढोबळी मिरची 35 ते 45 दिवसांत, तर कांदा 45 ते 50 दिवसांत लावायला येतो. लेट्यूसला तीन-चार आठवडे पुरतात. वेलवर्गीय रोपे 12 ते 18 दिवसांत, दोन खरी पाने (बियाच्या जोडपानांनंतर येणारी) आली की लावावीत. थंड हवेत हेच दिवस आठवडा-दीड आठवड्याने लांबतात. म्हणून दिवस मोजण्याबरोबर रोप हातात घेऊन पाहिलेले बरे.

तयार टोमॅटोचे रोप 12 ते 15 सेंटीमीटर उंच असते, त्याला चार ते सहा खरी पाने असतात आणि वाकवले की खोड लवचीकपणे परत उभे राहते. आता ट्रेच्या कप्प्याखालून बोटाने दाबून एक रोप बाहेर काढा. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) हुंडी, म्हणजे मुळांसकटचा गोळा, अखंड निघाली, तिच्या अंगावर पांढरी मुळे दिसली आणि मधूनमधून कोकोपीटही दिसत असले, तर नेमकी वेळ आली आहे. हुंडी हातातच सुटली तर पाच-सहा दिवस थांबा. मुळांचा तपकिरी गुंता होऊन त्यांनी तळाशी वेटोळे घातले असतील तर उशीर झाला.

लवकर लावलेले लहान रोप सांभाळून घेता येते. उशिरा लावलेले मोठे रोप दिसायला भरभक्कम असले तरी मागे पडते, आणि फ्लॉवरमध्ये त्याची किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागते. ट्रेमध्ये अडकून उपाशी राहिलेले फ्लॉवरचे रोप लावल्यावर पाने वाढवण्याआधीच सुपारीएवढा गड्डा धरते आणि तिथेच थांबते. याला बटनिंग म्हणतात. एकदा ते सुरू झाले की खत-पाणी कितीही द्या, गड्डा मोठा होत नाही. टोमॅटो किंवा मिरचीच्या रोपाला ट्रेमध्येच कळ्या आल्या असतील तर लावताना त्या खुडून टाका, नाही तर रोप मुळे वाढवायचे सोडून फळाच्या मागे लागते.

रोपे बाहेर काढण्याआधी पानांची खालची बाजू बघा. मावा, पांढरी माशी, फुलकिडे लपतात ते तिथेच. शेंड्याची पाने आखडलेली, वेडीवाकडी किंवा ठिपक्या-ठिपक्यांनी पिवळी-हिरवी दिसत असतील तर ते रोप लावू नका. जमिनीलगत खोड काळे पडून बारीक झालेली रोपे मर रोगाची असतात आणि तीही पुढे जगत नाहीत. अशा रोपांवर दया दाखवली की शेजारची चांगली रोपे जातात.

हवा आणि मातीचे तापमान

तारखेपेक्षा तापमान पाहावे, आणि त्यातही मातीचे आधी. साधा माती-थर्मामीटर सकाळी आठ-दहा सेंटीमीटर खोल खुपसा आणि तीन-चार दिवस नोंद घ्या. कोबी, फ्लॉवर, कांदा आणि लेट्यूस यांना 10 अंश सेल्सिअसच्या आसपासची माती चालते. टोमॅटोला किमान 15-16 अंश लागतात. मिरची, वांगी आणि वेली 18 अंशांच्या खाली लावून उपयोग नाही. रात्रीची हवा टोमॅटोसाठी 10 अंशांच्या आणि मिरची-वांग्यासाठी 13 अंशांच्या वर टिकू लागली की मग हात घालावा. घाई करून थंड मातीत लावलेली मिरची मरत नाही, पण महिनाभर जशीच्या तशी उभी राहते आणि नंतर उबदार मातीत लावलेली तिच्या पुढे निघून जाते. थंड मातीत टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी पडते. मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नसल्याची ती खूण. माती तापली की रंग आपोआप परत येतो, त्यासाठी जादा खत ओतायची गरज नाही.

कोबी आणि कांद्याच्या बाबतीत थंडीचा आणखी एक डाव आहे. ही पिके मुळात दोन हंगामांची. रोप बऱ्यापैकी जाड झालेले असताना काही आठवडे 10 अंशांच्या खालची थंडी मिळाली, तर हिवाळा उलटला असे समजून ते फुलावर येते. कांद्यात डेंगळे (फुलांचे दांडे) निघतात ते बरेचदा असेच. लावताना कांद्याच्या रोपाची मान पेन्सिलीपेक्षा जाड नसावी, ही जुनी खबरदारी त्यासाठीच आहे.

गरम बाजूलाही मर्यादा आहे. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या पुढे आणि सोबत कोरडा वारा असेल तर दोन दिवस थांबा किंवा सावलीची तयारी आधी करून मगच लावा. उन्हापेक्षा वारा जास्त नुकसान करतो, कारण तो पानांवरची दमट हवा सतत उडवून नेतो. त्यामुळे हवामानाचा अंदाज पाहताना वाऱ्याचा वेगही पाहावा. ढगाळ, शांत आणि किंचित दमट दिवस मिळाला तर सोडू नका.

रोपे कणखर करणे

आडोशाला किंवा शेडनेटखाली वाढलेल्या पानांवरचा मेणाचा थर पातळ असतो. तीच पाने अचानक दिवसभराच्या उन्हात ठेवली की दोन दिवसांत त्यांच्यावर पांढरे, कागदासारखे चट्टे पडतात. थर जाड व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात, आणि ते द्यावेच लागतात.

पहिले दोन दिवस ट्रे बाहेर सावलीत, वारा अडेल अशा जागी दोन-तीन तास ठेवा आणि परत आत घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळचे कोवळे ऊन तासभर लागू द्या. त्यानंतर रोज तास-दीड तास वाढवत जा. सातव्या दिवसाच्या सुमारास रोपे दिवसभर बाहेर राहतील इतकी तयार होतात. शेवटच्या दोन रात्रीही बाहेर काढा, मात्र तापमान वर दिलेल्या मर्यादेच्या खाली जाणार नसेल तरच. या काळात पाण्यात थोडी ओढ द्या, म्हणजे कोकोपीटचा वरचा थर फिका पडू लागला की पाणी. रोप सुकून लोळेपर्यंत थांबणे म्हणजे कणखर करणे नव्हे. नत्राचे (नायट्रोजनचे) खत पूर्ण बंद ठेवा, कारण त्याने वाढ कोवळी आणि पाणचट होते. वेलवर्गीय रोपांना ही शिस्त चार-पाच दिवसच आणि हलक्या हाताने लावावी. जास्त ताण दिला की ती खुरटतात.

खोड टणक झाले, पानाचा हिरवा रंग गडद झाला आणि पान बोटांत जरा जाड लागू लागले की काम झाले.

जमीन

लावण्याच्या आठ-दहा दिवस आधी दर चौरस मीटरला दोन ते चार किलो पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट वरच्या 15-20 सेंटीमीटर मातीत मिसळा. कुजलेल्या खताला मातीचा वास येतो आणि ढिगात हात घातला तर ते गरम लागत नाही. कच्च्या शेणखताने मुळे पोळतात आणि हुमणीला आमंत्रण मिळते. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा एकाच कुळातली असल्याने, यांपैकी एखादे पीक मर रोगाने गेले असेल तर त्याच वाफ्यात दुसरे लावू नये.

माती वाफशावर असावी, म्हणजे ओलसर पण चिकट नाही. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. गोळा फुटून भुगा झाला तर वाफसा आहे, नुसता दबला तर माती अजून ओली आहे. भारी काळ्या मातीत हे विशेष सांभाळावे लागते. ओल्या चिकणमातीत खुरप्याने खड्डा केला की त्याच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात, वाळल्यावर त्या कडक बनतात आणि मुळे खड्ड्यातच गोल फिरत राहतात. अशी कड दिसली तर लावण्याआधी ती बोटांनी किंवा काट्याने खरवडून मोकळी करा.

दोन रोपांतले अंतर आधी दोरी धरून आखून घ्या. टोमॅटोला ओळीत 45-60 आणि ओळींमध्ये 90 सेंटीमीटर, वांग्याला 60 बाय 75, मिरचीला 45 बाय 60, कोबी-फ्लॉवरला 45 बाय 45, लेट्यूसला 25-30 आणि कांद्याला 10 बाय 15 सेंटीमीटर. लहान रोपांकडे बघून हे अंतर उगीच मोठे वाटते आणि मध्ये आणखी एक रोप खोचायचा मोह होतो. दोन महिन्यांनी त्या दाटीत हवा खेळत नाही आणि पानांवर बुरशी चढते. कुंडीत लावायचे तर टोमॅटो आणि वांग्याला किमान 15 लिटर, मिरचीला 10 लिटर, लेट्यूसला तीन-चार लिटर माती मावेल असे भांडे घ्या आणि भांड्यामागे एकच रोप. आधाराची काठी रोपासोबतच रोवा, नंतर खुपसली तर ती मुळांतून जाते.

लावण

दुपारी चारनंतर सुरुवात करा, म्हणजे रोपाला पुढची पूर्ण रात्र सावरायला मिळते. त्याच्या तासभर आधी ट्रेला भरपूर पाणी द्या. हुंडी आतपर्यंत भिजलेली असणे ही या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. कोकोपीट एकदा कोरडे झाले की पाणी सहज घेत नाही. वरून दिलेले पाणी बाजूच्या मातीत उतरते आणि ओल्या वाफ्याच्या मधोमध रोप तहानेने मरते. शंका असेल तर ट्रे पाच मिनिटे पाण्यात बसवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत.

मर रोगाची भीती असलेल्या जागेसाठी एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा मिसळून मुळे दहा मिनिटे बुडवून लावावीत. हे द्रावण आणि रासायनिक बुरशीनाशक एकत्र वापरू नका, ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे. टोमॅटो-मिरचीची रोपे हाताळण्याआधी साबणाने हात धुवा. तंबाखू मळलेल्या हातांवरून मोझॅक विषाणू रोपांवर जाऊ शकतो.

रोप नेहमी पानाला किंवा हुंडीला धरा, खोडाला धरू नका. पान फाटले तर दुसरे येते, खोड चिमटले गेले तर रोप संपले. हुंडीपेक्षा थोडा रुंद खड्डा करा, त्यात कपभर पाणी ओतून जिरू द्या आणि मग रोप बसवा. तळाशी मुळांचे वेटोळे असेल तर ते बोटांनी हलके मोकळे करा. काकडी-दोडक्याच्या हुंडीला मात्र हातही लावू नका, जशी आहे तशी ठेवा.

खोलीच्या बाबतीत प्रत्येक भाजीचा स्वभाव वेगळा आहे. टोमॅटोच्या खोडाला मातीत गेलेल्या भागातून मुळे फुटतात, म्हणून खालची पाने काढून पहिल्या चांगल्या पानांपर्यंत ते पुरता येते. किडकिडीत, लांबलेले रोप असेल तर उथळ चर करून त्यात आडवे झोपवा आणि शेंड्याकडचे दहा सेंटीमीटर वर राहू द्या. एक-दोन दिवसांत शेंडा स्वतःहून सरळ होतो. मिरची आणि वांगी ट्रेमध्ये होती त्याच पातळीला, फार तर एखादा सेंटीमीटर खाली. कोबी-फ्लॉवर बियाच्या पहिल्या जोडपानांपर्यंत पुरावेत, शेंडा मातीत जाता कामा नये. लेट्यूसचा मधला गाभा मातीच्या वर राहायलाच हवा, नाही तर तो सडतो. कांदा दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा खोल गेला तर पुढे लांबट होतो. त्याच्या पातीचा वरचा एक तृतीयांश भाग लावण्याआधी कापला तर पाण्याचा खर्च कमी होतो. कलमी टोमॅटो किंवा वांग्याचा सांधा जमिनीच्या दोन-तीन सेंटीमीटर वर असावा. तो गाडला गेला की वरच्या जातीला स्वतःची मुळे फुटतात आणि कलमाचा फायदाच उरत नाही.

हुंडीवर एक सेंटीमीटर मातीचा पापुद्रा आला पाहिजे. कोकोपीट उघडे राहिले तर ते वातीसारखे ओल वर खेचून हवेत सोडते. कुजणाऱ्या कागदी कपासकट लावत असाल तर कपाची मातीच्या वर येणारी कड फाडून टाका, तीही हाच उद्योग करते. माती बाजूने दोन बोटांनी बेताची दाबा. पायाने तुडवू नका. उरलेल्या पोकळ्या पाण्याने भरतात.

प्लास्टिक मल्चिंगवर लावताना खोड प्लास्टिकला टेकणार नाही याची काळजी घ्या. प्लास्टिकखाली तापलेली हवा छिद्रातून थेट खोडावर येते आणि जमिनीलगत खोड भाजून रोप कलंडते. बाहेरून ते मर रोगासारखेच दिसते, आणि लोक बुरशीनाशक फवारत बसतात. छिद्राची कड मातीने झाकून टाकली की हा प्रश्नच येत नाही. गवत-पेंढ्याचे आच्छादन पाच सेंटीमीटर जाड, खोडापासून तीन-चार सेंटीमीटर दूर. माती थंड असेल तर ते पंधरा दिवसांनी घाला.

पाणी आणि पहिले दहा दिवस

लावल्याबरोबर टोमॅटो-वांग्यासारख्या रोपाला अर्धा ते एक लिटर पाणी, बुंध्याशी, संथ धारेने. या वेळी प्रतिलिटर दोन-तीन ग्रॅम 12:61:0 (नत्र, स्फुरद, पालाश यांचे प्रमाण) हे विद्राव्य खत विरघळवून रोपामागे 100 मिली दिले तर नव्या मुळांना स्फुरद हाताशी मिळतो. याहून तीव्र द्रावण देऊ नका, क्षार वाढले की मुळे पाणी घेण्याऐवजी गमावतात. युरिया तर या टप्प्यावर नकोच.

पुढचे तीन-चार दिवस रोज सकाळी 150-200 मिली पाणी थेट हुंडीवर पडले पाहिजे. ठिबक असेल तर नळीचे छिद्र खोडापासून पाच-सात सेंटीमीटरवर आणा. 20 सेंटीमीटर दूर पडणारा थेंब या रोपाच्या उपयोगाचा नाही. वाफ्याला किंवा सरीला पाणी देत असाल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलके आंबवणीचे (लावणीनंतरचे दुसरे) पाणी द्या. पाचव्या दिवसापासून एक दिवसाआड, आणि दुसऱ्या आठवड्यापासून कमी वेळा पण खोलवर. रोज थोडे-थोडे पाणी चालूच ठेवले तर मुळे वरच्या थरातच घोटाळतात.

सावली तीन-चार दिवस पुरते: 35 ते 50 टक्क्यांची शेडनेट, किंवा पश्चिमेच्या बाजूला खोचलेल्या पालेदार फांद्या. ती आठवडाभर ठेवली तर रोप पुन्हा लांबायला लागते.

दुपारी माना टाकलेली रोपे संध्याकाळी उभी राहिली तर काळजी करू नका आणि घाबरून पाण्याचा माराही करू नका. सकाळी सातलाच मान पडलेली असेल तर मात्र हुंडीशेजारी बोट घालून बघा. कोरडे लागले तर पाणी. ओले असूनही रोप मलूल असेल तर मुळे गुदमरली आहेत किंवा सडू लागली आहेत. पाणी थांबवा आणि बुंध्याभोवतीची माती हलकी करा. खालची जोडपाने पिवळी होऊन गळणे स्वाभाविक आहे. उन्हाने पांढरे पडलेले पानही तोडू नका, त्याचा हिरवा भाग अजून कामाचा असतो.

सकाळी रोप जमिनीलगत कापून आडवे पडलेले दिसले तर ते काम कुरतडणाऱ्या अळीचे. त्याच रोपाभोवती तीन ते पाच सेंटीमीटर माती उकरा, राखाडी-काळपट अळी वेटोळे करून बसलेली सापडते. ती काढली नाही तर पुढच्या रात्री शेजारचे रोप जाते. उरलेल्या रोपांभोवती सात-आठ सेंटीमीटर उंच पुठ्ठ्याची कडी दोन-तीन सेंटीमीटर मातीत दाबून बसवा.

आठव्या दिवसाच्या आसपास एखादे पान धरून अगदी हलके वर ओढून पाहा. रोपाने विरोध केला आणि शेंड्यात फिकट हिरवे नवे पान उलगडत असेल तर मुळे बाजूच्या मातीत शिरली आहेत. मग लावणीपासून दहा-बारा दिवसांनी 19:19:19 प्रतिलिटर तीन ग्रॅम, रोपामागे 200 मिली, असे पहिले खत सुरू करता येते.

मेलेल्या रोपांच्या नांग्या (रिकाम्या जागा) दहा दिवसांच्या आत भरा. त्यासाठी सुरुवातीलाच पाच ते दहा टक्के रोपे जादा ठेवा, आणि ती ट्रेमध्ये उपाशी ठेवण्याऐवजी थोड्या मोठ्या कपात हलवा. नवे रोप लावण्याआधी जुने उपटून त्याची मुळे पाहा. हुंडी कोरडी ठणठणीत असेल तर त्याच जागी बिनधास्त लावा. मुळे तपकिरी होऊन त्यांची साल बोटात निसटत असेल, तर तिथली खुरपेभर माती काढून टाका आणि नवे रोप वीतभर बाजूला लावा.